तीनशे कोटी सूर्य आणि बाबाजीचा वाल

रोहा,
१ डिसेंबर १९९४

चि. नोआस,

शालोम आणि दीना आत्याचे पोटभर आशीर्वाद. आम्ही दोघं बरी आहोत. हनुक्काचे दिवे रोज लावतोय, थंडी पडायला लागलीय, विहिरीला पाणी चांगलं आहे. तुझ्या बाबाला सांग, गुडघ्याला तेल चोळत जा, नुसता कुरकुरू नकोस. खुशाली एवढी पुरे. आता भांडायला घेते.

तू तुझ्या काकांना ते कात्रण कशाला पाठवलंस? तो माणूस कसा आहे ते तुला ठाऊक नाही का? शाळेतून निवृत्त होऊन वर्षं झाली, पण अजून समोर चार माणसं उभी दिसली की यांचा हात खडू शोधतो. तू तिकडे इस्रायलच्या विद्यापीठात ताऱ्यांचा अभ्यास करतेस, तुझ्या अवतीभवती त्यातलं कळणारी माणसं असतात. यांना इथं कोण आहे? मी आहे. आणि मला पापड लाटायचे असतात.

काय होतं त्या कात्रणात? अवकाशातल्या दुर्बिणीनं कुठल्याशा लांबच्या दीर्घिकेच्या पोटात एक कृष्णविवर पाहिलं, त्याचं वजन तीनशे कोटी सूर्यांएवढं, आजवर तोलून पाहिलेल्यांत सगळ्यांत थोर. बस, एवढंच. पण गणपतीपासून या घरात दुसरा विषय नाही. दात घासताना तीनशे कोटी, जेवताना तीनशे कोटी. मी म्हटलं, अहो, आमटीत मीठ बरोबर पडलंय का तेवढं सांगा. तर म्हणाले, "दीना, तुला अजून त्याचा आकार कळलेला नाही." नसेल कळला. मला आमटीचं कळत होतं आणि तेच मी विचारत होते.

तुझा प्रश्न मी विसरलेले नाही. दोन पत्रांत तू साधा विचारलास आणि तिसऱ्यात लाल शाईनं: तुम्ही दोघं नक्की येणार ना, कायमचे? काकांनी तुला होय कळवलंय. त्यांचं जानेवारीचं तिकीट आलं. वाल काढून, घर आवरून मी एप्रिलातल्या पेसाहच्या सणापर्यंत मागोमाग यायचं, असं ठरलंय. त्याबद्दल लिहायचंय मला. पण आधी हे वालाचं प्रकरण सांगू दे, नाहीतर माझं डोकं फुटेल.

झालं असं, की तीनशे कोटी ऐकून गावात कुणाला काहीच वाटेना. चहाच्या टपरीवर सांगितलं, लोक म्हणाले, "असंल." बाबाजीला सांगितलं. हा बाबाजी म्हणजे आपल्या शेजारच्या तुकड्याचा, आपण गेल्यावर आपली जमीनही तोच कसणार आहे. तो म्हणाला, "मास्तर, कोटी आमाला कलत नाय. मोटा म्हंजे किती मोटा तां दाखवा." झालं. दाखवा म्हटल्यावर यांच्या अंगात आलं.

पहिल्यांदा पेणला गेले. रामवाडीच्या पुढे गोविंदाचा गणपतीचा कारखाना आहे, यांचा जुना विद्यार्थी तो. त्याच्याकडून काळा गोळा करून घ्यायचा बेत होता. वडखळला ट्रकांच्या रांगेत यष्टी अडकली, तर तेवढ्यात यांनी कंडक्टरलाही विवर शिकवून टाकलं. गोविंदा बिचारा भला. म्हणाला, "किती इंची करू, मास्तर?" यांनी खिशातून वालाचा एक दाणा काढला आणि म्हणाले, "हा आपला सूर्य. याच्या मापानं कर." मग गुरुशिष्यांनी एका फळीवर पेन्सिलीनं गुणाकार मांडला. उत्तर आलं एकशे तीस मीटर.

तुला हे सांगायची गरज नाही, पण मला आता ते पाठ झालंय, म्हणून ऐक. सूर्य वालाएवढा धरला तर पृथ्वी म्हणजे डोळ्यांत गेली तरी न खुपणारी धूळ, वालापासून एका लांब पावलावर. शेवटचा तो प्लूटो बेचाळीस मीटरवर. आणि तुझं विवर या कडेपासून त्या कडेपर्यंत एकशे तीस मीटर. म्हणजे आपली अख्खी सूर्यमाला त्यात ठेवली तरी भोवती जागा उरते. गोविंदा म्हणाला, "मास्तर, माझा कारखाना, बाजूचा कारखाना आन मधला रस्ता धरला तरी पुरत नाय. हां तुमी शेतात मांडा." त्यानं थट्टा केली होती. पण तुझ्या काकांना थट्टा ऐकू येत नाही, त्यांना सूचना ऐकू येते.

आता इथलं शेत तू विसरली असशील. भात कापून झालं की जमिनीत जी ओल उरते तेवढ्यावरच आपला वाल होतो. चार दिवस इकडेतिकडे झाले की ओल उडते आणि वर्ष हातचं जातं. त्यामुळे नोव्हेंबरअखेर जो तो घाईत असतो. नेमक्या त्याच दिवसांत, गेल्या शुक्रवारी दुपारी, हे दोर, खुंट्या आणि चुन्याची फक्की घेऊन निघाले. सव्वातीन एकरांचा गोल आपल्या एकट्याच्या तुकड्यात थोडाच बसतो? तो गेला बाबाजीच्या शेतातून, हैबतरावांच्या शेतातून आणि रंभाच्या बांधावरून. "विचारलंत का त्यांना?" मी म्हटलं. म्हणाले, विचारलं, रेघ मारतो म्हटलं, मारा म्हणाले. मास्तरांचं बोलणं अर्धं ऐकून मान हलवायची गावाला सवय आहे. मलाही आहे.

शुक्रवारी काम सुरू करायचं, तेही हिवाळ्यात, याला काय म्हणावं? दिवस लवकर मावळतो. अर्धा गोल झाला आणि सूर्य टेकला. शब्बाथ लागला, म्हणजे दुसऱ्या दिवशी सूर्य मावळेपर्यंत कामाला हात लावायचा नाही. हे फक्कीची टोपली होती तिथं ठेवून, हात झटकून घरी आले, आंघोळ केली आणि दिव्यापुढे बसले. मी विचारलं, "झालं का तुमचं विवर?" म्हणाले, "अर्धं. उरलेलं रविवारी."

नोआ, तुला इथून जाऊन फार वर्षं झाली. गेली काही वर्षं इथं शेतात चुन्याची रेघ म्हणजे काय, ते शेंबड्या पोरालाही कळतं. कोकणातली नवी रेल्वे रोह्यापासूनच सुरू होते. रस्ता रुंद होतोय, कंपन्या वाढतायत. आधी चुना आणि खुंट्या, मग मोजणीवाला, मग नोटीस. पुरा गोल असता तर निदान काहीतरी वेगळं आहे असं कुणाला वाटलं असतं. पण हे अर्धंच होतं, बांध न जुमानता शेताशेतांतून वळत गेलेली पांढरी रेघ. रेल्वेचं वळण हुबेहूब.

शनिवारी सकाळी प्रार्थनालयात लागतात ते दहा पुरुष जमत नाहीत म्हणून हे आता घरीच प्रार्थना करतात. ती संपते न संपते तोच अंगण भरलं.

"मास्तर, चुना कोनी टाकला?" बाबाजीनं विचारलं.

"मी."

"कुनाच्या सांगन्यावरनं?"

आता सरळ माणसानं सरळ उत्तर द्यावं की नाही? तुझे काका म्हणाले, "नोआनं कळवलं."

झालं ना. दुपारपर्यंत इस्रायलची कंपनी येणार ही बातमी नागोठण्यापर्यंत पोचली. तू मालकीण आहेस.

मी मध्ये पडले. म्हटलं, अरे, हे आकाशातलं आहे, यांच्या डोक्यातलं आहे, याचा तुमच्या जमिनीशी काही संबंध नाही. हे म्हणाले, अर्धा राहिलाय, पुरा झाला की गोल दिसेल. त्यावर हैबतराव, जे तीन वेळा सरपंच होते आणि अजून तसेच बसतात, ते म्हणाले, "गोल म्हंजे टाकी. कंपनीची टाकी हाय."

"मग काडा खुंट्या," बाबाजी म्हणाला. "माजी ओल चाललीय."

"आज शब्बाथ आहे," हे म्हणाले. "दिवस मावळला की काढतो."

"तर आमी काडतो."

"काढा की," मी म्हटलं. पण कुणी हलेना. मागं गावातल्या रघूनं मोजणीची एक खुंटी उपटली होती तर त्याला दिवसभर चौकीत बसवलं होतं. या सरकारी नाहीत म्हणून मी घसा फोडून सांगितलं. लोक माना हलवत होते आणि जागचे हलत नव्हते. एकाला देवाची भीती, बाकीच्यांना सरकारची, आणि मध्ये बाबाजीची जमीन वाळत पडलेली. मी कपाळावर हात मारून घेतला.

तुझ्या काकांना मात्र इतके लोक एका जागी मिळाले होते. त्यांनी शिकवायला घेतलं. नोआ, ते चांगलं शिकवतात, हे मी चिडले असले तरी सांगते. म्हणाले, लहान विवर असतं ना, ते माणूस जवळ येताच त्याला ओढून चिंध्या करतं. पण एवढ्या थोर विवराची कड ओलांडताना माणसाला काही जाणवतसुद्धा नाही. तो आपला चाललेला असतो, शेजाऱ्याशी बोलत. फक्त परतीची वाट राहिलेली नसते.

मग हैबतराव म्हणाले, "खरा हाय. माजी नदीकडची जमीन अशीच गेली. अंगटा उटवताना काय वाटला नाय." आणि लगेच पुढे, "मास्तर, पन तुमी देश सोडताव म्हनं. म्हनून तर नाय ना चुना?"

"जमीन विकत नाही," हे म्हणाले. "बाबाजी कसेल. पण जाणार हे खरं. मी जानेवारीत, दीना मागाहून." गावापुढे त्यांनी हे पहिल्यांदाच सांगितलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. रंभा मागे उभी होती, तिनं विचारलं, "व्हय गो?"

"व्हय," मी म्हटलं.


रविवार, ४ डिसेंबर

पत्र तिथंच ठेवलं होतं. पुढचं लिहायचं नव्हतं म्हणून शुक्रवारी आणि आज सकाळी नको इतके पापड लाटले. आता पीठ संपलं.

खुंट्या शेवटी रंभानं काढल्या, त्याच शनिवारी दुपारी. रंभा तुला आठवत असेल, तुला कडेवर घेऊन नदीवर जायची. तिचा मोठा तुकडा आधीच्या मोजणीत गेला, आता बांधालगतची पट्टी तेवढी राहिलीय. ती म्हणाली, "माजा काय उरलाय न्यायला? मी काडते." आणि गेली. मी तिच्यामागून गेले. मला हात लावायचा नव्हता, म्हणून बांधावर बसले. ती एकेक खुंटी उपटून माझ्यापुढे टाकत होती आणि मी तिला म्हणत होते, नीट टाक, पायावर पडेल.

ती म्हणाली, "खोटा बोललीस गो सकाली."

"काय खोटं?"

"मी तुजा आवाज काय आज ऐकते? खरा बोलतेस तवा वरच्या वाडीत जातो. मगाशी 'व्हय' म्हनलीस तां माज्या कानापरयंत पन आला नाय."

मी तिला म्हटलं, तुला काय करायच्यात पंचायती, गप खुंट्या काढ. ती गप काढत राहिली. शब्बाथला रडू नये म्हणतात. मी रडले.

तर नोआ, मी येणार नाही. पेसाहला नाही आणि त्यानंतरही नाही.

तू म्हणशील, का? तुला वाटेल वाडवडलांची थडगी, प्रार्थनालयाची किल्ली, असलं काही कारण असेल. नाही. थडग्यांना माझी गरज नाही. मी तुझ्याकडे तीन महिने राहून गेले ते तुला आठवतंय ना? तू किती केलंस माझं. खोली दिलीस, खिडकीतून समुद्र दिसायचा, इथं मिळत नाहीत असली फळं आणायचीस. शेजारीण हसायची, मी हसायचे. दुकानात बोट दाखवायचं, वस्तू घ्यायची, हसायचं. यांना प्रार्थनेची हिब्रू येते, इंग्रजी येतं, हे पहिल्याच आठवड्यात बाकावर बसून म्हाताऱ्यांशी वाद घालायला लागले. मी मात्र तीन महिन्यांत कुणावर एकदाही चिडले नाही. तुझे काका सगळ्यांना सांगत होते, बघा, इथल्या हवेनं दीना शांत झाली. मला वाटत होतं की मी मेलेय आणि घरातलं कुणी हे लक्षात घेत नाहीये.

मला भांडता आलं पाहिजे, नोआ. बाबाजीच्या बैलांवरून, पापडांत कुणी पापडखार जास्त घातला त्यावरून, यष्टीच्या वेळेवरून. माझ्याकडे दुसरं काही नाही. मूल नाही, शिक्षण नाही, तुमच्यासारखं आकाश नाही. मी तोंड उघडलं की माणसं वळून बघतात, तेवढी माझी जागा आहे. ती जागा तिकडे नाही आणि या वयात मी ती नवी करू शकत नाही. तुला राग येऊ दे. आला तर लिही, मला आवडेल.

हे काकांना सांगितलेलं नाही. सांगितलं तर ते जाणार नाहीत. एक शब्द न बोलता तिकीट परत करतील आणि उरलेलं आयुष्य टपरीवर "असंल" ऐकत काढतील. ते मला बघवणार नाही. इतकी वर्षं या माणसाला कुणीतरी ऐकणारं हवं होतं. मी ऐकलं नाही. मला कळत नव्हतं आणि वेळही नव्हता. तू एकटी ऐकायचीस, पडवीत पालथी पडून, हनुवटीखाली हात घेऊन. तू गेलीस त्या वर्षी ते रात्री जेवायलाच विसरायचे, मला हाका माराव्या लागायच्या. आता तू त्यांना वाळवंटातल्या त्या मोठ्या दुर्बिणीतून बघायला नेणार आहेस म्हणून ते नवी चप्पल घेऊन आलेत आणि घरात घालून फिरतायत, सगळ्या जमिनीवर करकर. डोकं उठवलंय.

गेल्या रविवारचं सांगायचं राहिलं. खुंट्या निघाल्या तरी सरकारचं कुणी आलं नाही, तेव्हा धीर येऊन दिवस उजाडताच बाबाजी आला, म्हणाला, "मास्तर, एकदाचा दाखवा नि मोकला व्हा. मंग मी नांगर धरतो." दोघांनी मिळून गोल पुरा केला. बाबाजीनं दोराचं टोक धरून उरलेली फेरी मारली, फक्की टाकत टाकत, आणि रेघ जुळेपर्यंत त्याला दम लागला होता. यांनी कडेवर तो वालाचा दाणा ठेवला. बाबाजी वाकून त्याच्याकडे बघत राहिला, मग पलीकडच्या कडेला रंभा उभी होती तिच्याकडे. इथून ती बोटाएवढी दिसत होती.

"आपला पिकतो तां सगला ह्या एवड्याशा सूर्यावर?"

"होय," हे म्हणाले.

"आन तसं तीनशे कोटी गेलं ह्याच्यात?"

"होय."

बाबाजीनं डोक्यावरची टोपी काढली आणि परत घातली. मीसुद्धा बांधावरून पाहिलं, नोआ, आणि खरं सांगते, मला भीती वाटली. इतकं मोठं काही असू नये असं वाटलं. दहा वाजेपर्यंत बाबाजीनं त्यावरून नांगर फिरवला आणि वाल पेरला. ओल सापडली त्याला, थोडक्यात. हे घरी येऊन पाय धुताना म्हणाले, "दीना, बाबाजीला कळलं." त्यांचे डोळे भरले होते. त्याच वेळी माझं ठरलं, की यांना जाऊ द्यायचं.

तेव्हा आता नीट ऐक. ते जानेवारीत पोचतील. त्यांना कडक चहा लागतो, तुमचा तो गवताचा पाला चालत नाही. स्वेटर घालायला सांगावं लागतं. पेसाहपर्यंत काही बोलू नकोस. सण होऊ दे. मग विचारतील, दीना कधी येणार, तेव्हा तू सांग. मी पत्रात लिहिलं तर अक्षर बिघडेल आणि फोनवर सांगितलं तर ओरडेन. त्यांना आधीच कळलंय की काय, मला माहीत नाही. परवा बॅग भरताना माझं पांघरूण त्यांनी उचललं, थोडा वेळ हातात धरलं आणि परत माझ्या खाटेवर ठेवलं. मी विचारलं नाही.

परत जातो म्हणाले तर अडवू नकोस. राहतो म्हणाले तरी अडवू नकोस. आणि मधूनमधून त्यांच्यावर चिडत जा, नोआ. मराठीतून, मोठ्यानं. नाहीतर त्यांना वाटेल घरात कुणीच नाही.

तुझी, आणि इथलीच,
दीना आत्या